रोशाच्या उतारांवर खड्डे खणू नका

भाद्रपद सरला की सातपुड्याच्या कोरड्या, मुरमाड उतारांवर रोशा गवत फुलोऱ्यावर येतं. माणसाच्या उंचीचे दांडे, खोडाला बिलगलेली रुंद बुडाची पानं आणि टोकाला आधी हिरवट, मग पिकता पिकता तांबूस होत जाणारे तुरे. एक तुरा बोटांत चुरडून नाकाशी धरला की गुलाबाचा वास येतो आणि त्याच्या मागून किंचित तिखट झाक. या गवताचं तेल खानदेशात रोशेल म्हणून ओळखलं जातं. सांधे धरले की ते चोळायचं, डास फार झाले की अंगाला लावायचं, एवढा त्याचा घरगुती उपयोग बहुतेकांना ठाऊक असतो. ज्या उतारांवर हे गवत उगवतं, त्यांची सरकारी नोंद मात्र बहुधा पडीक जमीन अशीच असते. पडीक जमिनीला काहीतरी उपयोगात आणायचं असतं. मग तिथे नांगर जातो, मुरूम काढायला जेसीबी जातो, नाहीतर रोपं लावायला रांगेनं खड्डे खणले जातात.

हे उतार वाचवायला हवेत. निसर्गप्रेमापोटी हे सांगायचं कारण आहेच, पण आज मी दुसऱ्या कारणासाठी लिहितो आहे, आणि ते कारण इस्पितळातलं आहे.

अतिदक्षता विभागात रुग्ण असला की नातेवाइकांच्या हातात कधीतरी कल्चर रिपोर्ट येतो. रक्तातून किंवा लघवीतून जिवाणू वाढवलेला असतो, आणि खाली अँटिबायोटिक औषधांची यादी असते. प्रत्येक नावापुढे एक अक्षर: 'एस' म्हणजे औषध लागू पडतं, 'आर' म्हणजे पडत नाही. हल्ली असे रिपोर्ट येतात की वरपासून खालपर्यंत 'आर' आणि शेवटी कुठेतरी एखादा 'एस', तोही मूत्रपिंडाला त्रास देणाऱ्या जुन्या कोलिस्टिनपुढे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या मृत्यूंत या जिवाणूंचा काही ना काही हात होता, ते मोजले तर आकडा ४९ लाखांच्या पुढे जातो. नवी अँटिबायोटिक्स शोधण्याचा वेग गेल्या काही दशकांत पार मंदावला आहे. औषध कंपन्यांना त्यात फायदा दिसत नाही. नवं औषध आलं तरी ते जपून, शेवटचा उपाय म्हणूनच वापरावं लागतं. मग खप कुठून होणार?

यात रोशाचा काय संबंध?

काही जिवाणू औषधाला दाद देत नाहीत, कारण औषध आत शिरताच ते बाहेर फेकणारे पंप त्यांच्या आवरणात असतात. होडीत शिरलेलं पाणी कुणी अखंड उपसत राहिलं तर होडी बुडत नाही, तसंच हे. औषध चांगलं असतं, पण जिवाणू मरण्याइतकं ते आत साठतच नाही. २००९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी कॉर्सिका बेटावरच्या हेलिक्रायसम या पिवळ्या रानफुलाचं तेल अशा जिवाणूंवर वापरून पाहिलं. एंटेरोबॅक्टर, ई. कोलाय, स्युडोमोनास आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर, म्हणजे इस्पितळांना छळणारी नेमकी हीच मंडळी. तेलाच्या सोबतीनं त्यांची औषधाला विरोध करण्याची ताकद लक्षणीय घटली. मग त्या तेलातले घटक वेगळे करून पाहिले, तेव्हा जिरॅनिऑल नावाचा एक घटक समोर आला. तो सोबत असला की क्लोरॅम्फेनिकॉल, क्विनोलोन आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं या हट्टी जिवाणूंवर पुन्हा चांगली चालू लागली.

त्या फुलाच्या तेलात जिरॅनिऑल हा अनेकांतला एक घटक होता. चांगल्या रोशेल तेलात तो पाऊण हिश्श्याहून अधिक असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी १८७१ मध्ये जिरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं, ते हिंदुस्थानातून गेलेल्या सुगंधी गवताच्या तेलातूनच. दीडशे वर्षं जग ते साबणात आणि अत्तरात घालत आलं. त्याचा हा दुसरा गुण आता कुठे कळू लागला आहे, आणि नेमकं त्याच वेळी आपण त्या गवताच्या जागा गमावतो आहोत.

इथे एक गोष्ट खणखणीत सांगायला हवी, कारण अशा लेखांचा भलताच अर्थ लावला जातो. रोशेल तेल अँटिबायोटिकच्या जागी घेता येत नाही. ते प्यायचं नाही, उघड्या जखमेवर ओतायचं नाही, तान्ह्या बाळाच्या अंगाला फासायचं नाही. जिरॅनिऑलनं काहींच्या कातडीवर अ‍ॅलर्जी उठते, म्हणूनच युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचं नाव छापावं लागतं. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मरतात त्या प्रमाणात तेल रक्तात पोचवणं ही फार वेगळी गोष्ट आहे. ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत, हवेत उडून जातात, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतात. साधी चाचणी घ्यायची तरी अडचण येते: जिवाणूंच्या थरावर तेलात बुडवलेली कागदाची टिकली ठेवली की तेल थराखालच्या ओलसर, जेलीसारख्या अगारमध्ये नीट पसरतच नाही, आणि टिकलीभोवतीचं रिकामं वर्तुळ पाहून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. हे काम चिकाटीचं आहे.

पण ते होऊ शकतं. ऑस्ट्रेलियातल्या टी ट्री तेलाचं उदाहरण आहे. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूवर ते चालतं, हे १९९५ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या इस्पितळात त्याची रीतसर तुलना झाली. टी ट्रीची क्रीम आणि अंग धुण्याचं द्रावण वापरलेल्या ४१ टक्के रुग्णांच्या अंगावरून जिवाणू गेला, तर नेहमीच्या उपचारानं ४९ टक्क्यांच्या. नाकातला जिवाणू घालवण्यात नेहमीचं मुपिरोसिन मलम बरंच सरस ठरलं, कातडीवर मात्र तेल सरस ठरलं. विजयोत्सव करावा असा हा निकाल नाही. पण कुठे चालतं, कुठे नाही, हे माणसांवर तपासून कळलं, आणि तेवढं कळणंसुद्धा मोलाचं आहे. रोशेलबाबत आपण अजून त्या दाराशीही पोचलो नाही.

खानदेशानं या तेलाचा मोठा व्यापार पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकात इथलं आणि शेजारच्या निमाडातलं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला जायचं. तिथून ते बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं, इतका त्याचा वास गुलाबाशी जवळचा. हे तेल काढलं जायचं नाल्याकाठच्या भट्ट्यांवर. पावसाळा संपला की तुऱ्यांसकट गवत कापायचं, मोठ्या भांड्यात पायांनी दाबून भरायचं, तळाला पाणी घालून झाकण मातीनं लिंपून घ्यायचं आणि खाली जाळ लावायचा. वाफ नळीतून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरायची आणि थंड व्हायची. पाण्यावर फिकट पिवळ्या तेलाचा तवंग धरायचा, तो हलक्या हातानं काढून घ्यायचा. शंभर किलो ओल्या गवतामागे जेमतेम अर्धा किलो तेल. जाळ जास्त झाला की तेलाला करपट वास येतो, कमी पडला की तेल उतरत नाही. तो अंदाज भट्टीशी बसणाऱ्या माणसाच्या हातात असतो, आणि भट्टी थांबली की त्याच्याबरोबर संपतो.

याहून नाजूक ज्ञान गवताच्या निवडीचं आहे. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. नुसतं पाहून ते वेगळे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या उतारांवर वाढतो आणि त्याच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असतं. सोफिया सखल, ओलसर जागी वाढतो, आणि त्याच्या तेलाची घडण निराळी. अंगानं सारखं दिसणारं गवत, पण प्रकारागणिक आतलं रसायन निराळं. संशोधकाच्या दृष्टीनं हा खजिना आहे. कुठल्या उताराचं तेल कुठल्या जिवाणूवर जास्त चालतं, जिरॅनिऑलच्या सोबत आणखी काय असलं की परिणाम वाढतो, हे सगळं त्या विविधतेतच दडलेलं आहे. औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेनं रोशाचे चांगले लागवडीचे वाण दिले आहेत आणि शेतकऱ्याला त्यांचा फायदाही होतो. पण वाण निवडले जातात ते तेलाचा उतारा आणि अत्तराचा दर्जा पाहून. उद्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरविरुद्ध लागणारा गुण आज बाजारात नको असलेल्या एखाद्या रानटी झुबक्यात असेल, आणि तो झुबका शेतात नाही, उतारावर आहे.

तो उतारावर किती दिवस राहील? देशाच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये झुडपी आणि गवताळ जमिनी मोजल्या जातात. झाड नाही म्हणजे काहीच नाही, अशी समजूत आपल्या कामकाजात खोल रुजली आहे. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी रोपं लावायचं उद्दिष्ट होतं. एवढं मोठं उद्दिष्ट असलं की मोकळा दिसणारा उतार सगळ्यात आधी नजरेत भरतो. झाडं लावण्याला माझा विरोध नाही. पण रोशाला ऊन हवं असतं. त्याच्यावर गिरिपुष्पाची किंवा सुबाभळीची सावली धरली की ते मागे हटतं. घाणेरी आणि रानतुळस जागा बळकावतात ते वेगळंच. त्यात कारखान्यात बनणारं स्वस्त जिरॅनिऑल आलं, तेलाचे भाव कोसळले, आणि गवत राखण्यात गावाला उरलेलं कारणही गेलं.

म्हणून आता काय करायचं ते बोलू, आणि ज्याला त्याला नाव घेऊन सांगू.

सातपुड्यातल्या ग्रामसभांनो, हक्क तुमच्या हातात आहे. वनहक्क कायदा २००६ नं औषधी वनस्पतींसह गौण वनोपजांची मालकी तुम्हाला दिली आहे, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना जंगलाचं नियोजन स्वतः करता येतं. त्या नियोजनात रोशाचे उतार वेगळे आखा. दरवर्षी सगळं गवत कापू नका, एक पट्टा बी धरून झडेपर्यंत उभा ठेवा. गावच्या जैवसंपदेची नोंद ठेवणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीत रोशा नुसतं एक नाव म्हणून लिहू नका. कुठल्या टेकडीचं, कुणाच्या आठवणीतलं, तेल कसं उतरायचं, सगळं म्हाताऱ्या माणसांपाशी बसून लिहून घ्या. ही नोंद असली की उद्या कुणी कंपनी त्यावर औषध बनवायला आली तर कायद्यानं तुमचा वाटा मागणं सोपं जाईल. केरळातल्या काणी आदिवासींनी सांगितलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीवरून 'जीवनी' हे औषध तयार झालं, तेव्हा तिरुअनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेनं परवाना शुल्काचा आणि स्वामित्वधनाचा अर्धा भाग काणींना दिला. म्हणजे हे होऊ शकतं, आपल्याच देशात झालं आहे.

वनविभागाला विनंती आहे की लागवडीच्या आराखड्यावर सही होण्याआधी एकदा फुलोऱ्याच्या दिवसांत ती जागा पाहावी. उन्हाळ्यात पाहिलं तर उतार उजाडच दिसणार.

जळगावचं विद्यापीठ, राहुरीचं कृषी विद्यापीठ, धुळे आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं यांच्याकडून मोठी आशा आहे. गवत एका बाजूला आहे, हट्टी जिवाणू दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही याच प्रदेशात. इस्पितळात मिळालेले जिवाणू आणि वेगवेगळ्या उतारांवरचं तेल एकाच टेबलावर आणा. प्रत्येक नमुन्याचं रासायनिक पृथक्करण करा, तेल आणि अँटिबायोटिक दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र घालून तपासा, आणि निकाल नकारात्मक आला तरी छापा. कुठल्या टेकडीचा नमुना होता हेही लिहा, म्हणजे पुढच्याला पुन्हा तिथे जाता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला प्रकल्प कुठे सापडेल?

आणि तुम्ही-आम्ही, जे शहरात बसून हे वाचतो आहोत, आपल्यालाही सुटका नाही. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालतच नाही. जुन्या चिठ्ठीवर औषध दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना दाखवून ठेवा. रोशेलनं एखादं जुनं औषध पुन्हा चालू केलं, तरी ते औषध आपण तोवर आणखी बिघडवून ठेवलेलं नसावं.

२ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा भरतात. त्या वेळी रोशा फुलावर असतं आणि ओळखायला सोपं असतं. तुमचं गाव सातपुड्यात, मेळघाटात किंवा अजिंठ्याच्या रांगेत असेल तर आदल्या दिवशी चार माणसं घेऊन उतारांवर फिरून या, जागा लिहून घ्या, आणि एवढाच ठराव मांडा: या गटातल्या रोशाच्या जागेवर खड्डे, नांगर, मुरूम खोदाई काहीही होणार नाही, आणि या गवताची नोंद गावाच्या नोंदवहीत होईल. ठरावाची एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि एक नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.