मोजदाद म्हणजे न्याय नव्हे

मानवतला बीड काही परका मुलूख नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दोन्ही जिल्ह्यांतून निघतात. बीडमध्ये २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यातील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाळीच्या दुखण्याने खाडा पडला की मजुरी बुडते, वर मुकादम दंड कापतो. अशा बाईला कर्करोगाची भीती घातली, की ती उचल घेऊन शस्त्रक्रिया करवून घेते. ही संमती नव्हे, नाइलाज होय.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला. ते पुढच्यांसाठी झाले; जिचे गेले तिचे काय? १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले खरे. पण तक्रारीची मुदत दोन वर्षांची, आणि बाई निम्मे वर्ष फडावर. विलंब माफ होऊ शकतो, मात्र त्यालाही सबळ कारण व कागद लागतात.

म्हणून मानवतच्या कार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी गावोगाव जाऊन उपचारांच्या कागदपत्रांची लेखी मागणी करवावी. २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी ती ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. जपून ठेवण्याचे बंधन मात्र तीनच वर्षांचे. त्यांच्या आधारे परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येईल. ज्यांची मुदत टळली, त्यांच्यासाठी शासनाने चौकशी करून भरपाईचा स्वतंत्र निधी उभारावा, ही मागणी आपण रेटली पाहिजे. शासनाने या स्त्रिया मोजल्या आहेत. आता त्यांचे देणेही मोजावे.