कापसाचा बर्फ आणि इंग्रजीचें शिक्षण

गेल्या डिसेंबर महिन्यांत एका शाळेच्या समारंभास पाहुणा म्हणून जाण्याचा प्रसंग मजवर आला. शाळा तालुक्याच्या गांवची, माध्यम इंग्रजी, आणि समारंभाचा हेतु, निमंत्रणपत्रिकेंत छापल्याप्रमाणें, ‘सण, गाणीं व गोष्टी यांच्या द्वारें इंग्रजीचें आनंददायी शिक्षण’ असा होता. रंगमंचावर कापसाचा बर्फ पसरला होता. दुपारच्या उन्हांत लोकरी टोप्या घातलेलीं सहासात वर्षांचीं मुलें घामानें निथळत बर्फाचें आणि घंटांचें एक इंग्रजी गाणें म्हणत होतीं. उच्चार चोख होते, पालक संतुष्ट होते. समारंभ आटोपल्यावर त्यांतल्याच एका मुलास मीं सोप्या इंग्रजींत विचारलें, ‘तुझ्या हातांत काय आहे?’ त्याच्या हातांत पुठ्ठ्याची घंटा होती, आणि घंटेचें इंग्रजी नांव तें मूल गेला अर्धा तास गळा ताणून घेत होतें. परंतु प्रश्न ऐकतांच त्यानें बाईंकडे पाहिलें, व बाईंनीं माझ्याकडे पाहिलें. तोच प्रश्न मराठींत करतांच मात्र घंटा कोणी कापली, डिंक कसा सांडला, आणि घरीं आजोबांच्या बैलाच्या गळ्यांत हिच्याहून मोठी घंटा कशी आहे, हें सर्व त्यानें एका दमांत सांगून टाकलें.

हा प्रसंग त्या एका शाळेचा नव्हे, आजच्या एका रूढीचा आहे. म्हणूनच त्याविषयीं लिहावेंसें वाटलें. सण, गाणीं आणि गोष्टी यांच्या साह्यानें लहान मुलांस परभाषा शिकवावी हें तत्त्व मला सर्वस्वी मान्य आहे. माझी पिढी पांचवींत इंग्रजी शिकूं लागली ती शब्दार्थ आणि भाषांतर यांच्या वाटेनें. क्रियापदांचीं तीन तीन रूपें आम्हीं रामरक्षेसारखीं घोकलीं, आणि बोलण्याची वेळ आली तेव्हां आमची दांतखीळ बसली. २००० सालीं महाराष्ट्रांतील मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें, तेव्हां सहा वर्षांच्या मुलांस व्याकरणाऐवजीं गाण्यागोष्टींच्या वाटेनें नेणें क्रमप्राप्तच होतें. वाट योग्य आहे. तिच्यावरून निघणारी मिरवणूक मात्र पोकळ आहे. पूर्वीं आम्ही शब्द पाठ करीत होतों, आज मुलें सण पाठ करतात, एवढीच काय ती प्रगति झाली.

ऋतूंचेंच उदाहरण घ्या. बालवर्गाच्या कित्येक इंग्रजी पुस्तकांतून ऑक्टोबर आला कीं पिवळीं-तांबडीं पानें गळूं लागतात. मुलें तीं कागदाचीं कापून भिंतीवर चिकटवितात. खिडकीबाहेर त्या वेळीं भात कापणीस आलेलें असतें, झेंडू फुललेला असतो, आणि ऑक्टोबरची काहिली चाललेली असते. आमच्याकडचीं झाडें पानें टाकतात तीं माघ-फाल्गुनांत. त्याच दिवसांत उघड्याबोडक्या फांद्यांवर पळस आणि पांगारा फुलतात, पण त्या वेळीं पुस्तकांत दुसराच कांहीं देखावा चाललेला असतो. परिणाम असा, कीं ‘पान’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मुलाला येतो, पण अंगणांतल्या पानाशीं त्याची गांठ कधींच पडत नाहीं. शब्द वस्तूला चिकटण्याऐवजीं भिंतीला चिकटून राहतो.

येथें संस्कृतिरक्षकांनीं मला आपला पक्षपाती समजूं नये. नाताळ परका आहे म्हणून तो शाळेंतून हांकलावा, असें म्हणणारांशीं माझें मुळींच जमावयाचें नाहीं. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत नाताळ शतकानुशतकें घरचाच सण आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला, मराठी शिकला, आणि त्यानें ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध मराठींत लिहिली. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. कथा दूरच्या देशांतली. पण छंद श्रोत्यांच्या ओळखीचा आणि रचना त्यांच्या पुराणांची. अनोळखी गोष्ट ओळखीच्या वस्त्रांत द्यावी, हें एका इंग्रजास चारशें वर्षांपूर्वीं कळलें होतें. इंग्रजी शिकविणाऱ्या आम्हां लोकांस तें आज कळूं नये, ही खेदाची गोष्ट आहे. वसईच्या मुलानें आपल्या घरचा नाताळ वर्गाला इंग्रजींत सांगावा. तो ऐकावयास मी आनंदानें जाईन. कापसाच्या बर्फाचा त्याच्या नाताळाशींही कांहीं संबंध नाहीं.

भाषा येते ती सांगण्यासारखें कांहीं असलें म्हणजे येते. एन्. एस्. प्रभु यांनीं १९७९ ते १९८४ या काळांत दक्षिण भारतांतील कांहीं शाळांतून जो प्रयोग केला, तो ‘बंगलोर प्रकल्प’ या नांवानें इंग्रजीच्या अध्यापकांत विश्रुत आहे. व्याकरणाचे धडे नाहींत, घोकंपट्टी नाहीं. वेळापत्रक, नकाशा असें कांहीं समोर ठेवून मुलांना कोडीं घालावयाचीं, आणि उत्तर शोधतां शोधतां इंग्रजी कामास लावावयाचें, ही त्याची रीत. मन अर्थांत गुंतलें असतां भाषेचें रूप अंगवळणीं पडतें, असें प्रभूंचें प्रतिपादन. तें सोळा आणे स्वीकारलें नाहीं तरी त्यांतलें मर्म कोणाही शिक्षकास पटण्याजोगें आहे.

आतां या दृष्टीनें आपल्या भोंडल्याकडे पाहा. मध्यें हत्ती काढावयाचा, त्याच्याभोंवतीं फेर धरावयाचा. हादग्याचे सोळा दिवस जेथें पाळतात तेथें पहिल्या दिवशीं एक गाणें, दुसऱ्या दिवशीं दोन, अशी रोज एकेकाची भर. कालची उजळणी आणि आजचें थोडेंसें नवें, हें शिक्षणशास्त्राचें सूत्र आमच्या आज्यांनीं कोणत्याही प्रशिक्षणावांचून पाळलें. आणि शेवटीं खिरापत! डबा झांकलेला, आंत काय आहे तें यजमान घराखेरीज कोणास ठाऊक नाहीं. गोड कीं तिखट? ओली कीं कोरडी? तळलेली कीं भाजलेली? हा खेळ इंग्रजींत खेळावयास वीसपंचवीस शब्द पुरतात, आणि त्यांतला एकही प्रश्न खोटा नसतो. वर्गांतले आमचे बहुतेक प्रश्न खोटे असतात. पुस्तक उंच धरून ‘हें काय आहे?’ असें विचारणाऱ्या शिक्षकास उत्तर ठाऊक असतें, आणि तें त्यास ठाऊक आहे हें मुलेंही जाणतात. घंटेविषयींचा माझा प्रश्न याच जातीचा होता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

गोष्टींचीही तीच कथा. दार ठोठावणारा कावळा आणि बाळाचें आतां काय चाललें आहे तें दर खेपेस आंतून सांगून त्याला थोपविणारी चिमणी! इंग्रजींतला चालू वर्तमानकाळ शिकविण्यास याहून सोयीची गोष्ट मला माहीत नाहीं. दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात; त्याचा दरवाजा, त्याची विहीर, त्यावर पेरलेली मोहरी पाहुण्याला इंग्रजींत दाखविणें, हा कोणत्याही छापील धड्याहून मोठा धडा होईल.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा, कीं भोंडला इंग्रजींत म्हणणें म्हणजे त्याची विटंबना. अगदीं खरें, म्हणूनच गाणें मराठींतच राहूं द्यावें. भाषांतर गाण्याचें करावयाचें नाहीं. गाण्याभोंवतींचें बोलणें तेवढें इंग्रजींत आणावयाचें. दुसरा आक्षेप, भोंडला सर्वांचा नाहीं. हेंही खरें, आणि हीच शिक्षकाची सोय आहे. ईदच्या दिवशीं घरीं काय होतें, चौदा एप्रिलला वस्तींत काय होतें, आईबापांबरोबर ऊसतोडणीस गेल्यावर पहांटे काय दिसतें, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. ज्याला ठाऊक आहे त्यानें सांगावें, ज्यांना नाहीं त्यांनीं विचारावें. भाषेला याहून अधिक काय लागतें?

तिसरा आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा: इंग्रजी शिकावयाचें तर इंग्रजांचे ऋतु आणि सण यांच्यापासून पळून कसें चालेल? पळावें असें मी म्हणत नाहीं. अनेक वर्षें मीं महाविद्यालयांत कीट्सची १८१९ सालची शरदऋतूवरील कविता शिकविली आहे. ती ज्यांस चटकन उमगली त्यांत शेतकऱ्यांचीं मुलें अधिक होतीं. सुगी, खळें आणि कापणीनंतरची सुस्ती त्यांनीं अंगावर घेतली होती. कीट्सचें धान्य त्यांनीं आपल्या धान्यावरून ओळखलें. परका ऋतु समजावयास आधीं एक ऋतु आपला असावा लागतो. हा क्रम उलटा केला, कीं दोन्ही ऋतु हातचे जातात.

या उलट्या क्रमाची किंमत कोण देतो, तेंही पाहावें. ज्या घरांत इंग्रजी बोललें जातें तेथील मूल कापसाच्या बर्फांतूनही तरून जातें. ज्या बापानें कर्ज काढून फी भरलेली असते, त्याचें मूल मात्र गाणें म्हणतें आणि प्रश्नापुढें मुकें होतें. टाळ्या ऐकून तो बाप समजतो, कीं मुलाला इंग्रजी आलें. ही फसवणूक कोणी बुद्ध्या करीत नसेल. परंतु ती फसवणूक आहे, आणि दहाबारा वर्षांनीं तीच मुलें माझ्या वर्गांत पाठ केलेले निबंध घेऊन येतात, तेव्हां ती माझ्या डोळ्यांपुढें उघडी पडते.

मुख्याध्यापकांस माझी एकच विनंति आहे. पुढल्या समारंभाच्या अखेरीस मुलांना एक तरी असा प्रश्न इंग्रजींत विचारावा, कीं ज्याचें उत्तर विचारणारास ठाऊक नाहीं. आणि मोडकेंतोडकें जें उत्तर येईल त्यालाच टाळ्या द्याव्यात. आजोबांच्या बैलाची घंटा केवढी आहे, हें मला खरोखरच ठाऊक नव्हतें. तें विचारावयाचें सोडून मीं पुठ्ठ्याच्या घंटेचें नांव विचारलें, आणि तें मूल गप्प राहिलें, यांत त्याचा काय दोष?