मिल्खासिंगांचे घर

मिल्खासिंगांचे नाव निघाले, की बोलणे हटकून रोमपाशी येऊन थांबते. ६ सप्टेंबर १९६० चा तो दिवस, ४०० मीटरची अंतिम शर्यत आणि सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकलेले ऑलिंपिक पदक. तिसऱ्या आलेल्या माल्कम स्पेन्सची वेळ ४५.५ सेकंद होती, चौथ्या आलेल्या मिल्खासिंगांची ४५.६. खुद्द मिल्खासिंगही ती शर्यत कधी विसरले नाहीत. आईवडिलांचा मृत्यू आणि रोममधला पराभव, आयुष्यातली ही दोन दुःखे ते एकाच दमात सांगत.

परंतु १८ जून २०२१ रोजी ते गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत असे कितीतरी लोक होते, ज्यांनी त्यांना कधी धावताना पाहिले नव्हते. त्यांना ठाऊक होता तो पगडीतला, ताठ कण्याचा, मनमोकळा बोलणारा म्हातारा आणि त्याचे भरले घर. ते घर कसे उभे राहिले, ही गोष्टही रोमच्या शर्यतीइतकीच सांगण्यासारखी आहे.

उद्ध्वस्त अंगणातून

आज पाकिस्तानात असलेल्या मुझफ्फरगढ जिल्ह्यातील गोविंदपुरा हे त्यांचे गाव. १९४७ च्या फाळणीत या गावावर हल्ला झाला आणि कोवळ्या वयाच्या मिल्खाच्या डोळ्यांदेखत आईवडील व भावंडे मारली गेली. वडिलांनी त्याला पळून जायला सांगितले. मिल्खा पळाला, म्हणून वाचला. पुढे जग ज्या पायांचे कौतुक करणार होते, त्या पायांची पहिली धाव अशी जिवाच्या आकांताची होती.

दिल्लीत आल्यावर पुराना किल्ल्यातली निर्वासितांची छावणी, मग शाहदऱ्याची वस्ती. वाचलेल्या बहिणीचा तेवढा आधार होता. विनातिकीट प्रवास केल्याबद्दल मिल्खाला तिहारच्या तुरुंगात जावे लागले, तेव्हा याच बहिणीने आपले दागिने विकून त्याला सोडवून आणले. घर म्हणजे काय, हे ज्याने घर गमावून आणि बहिणीच्या मायेतून जाणले, त्याला पुढे स्वतःच्या घराचे मोल कुणी शिकवावे लागले नाही.

लष्कराने तीनदा नाकारले आणि चौथ्या खेपेस, १९५१ मध्ये, भरती करून घेतले. सिकंदराबादच्या प्रशिक्षण केंद्रात लांब पल्ल्याच्या शर्यतीत ते पहिल्यांदा धावले, ते धावणाऱ्यांना जादा दूध मिळते म्हणून. १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई स्पर्धेत २०० आणि ४०० मीटरची सुवर्णपदके व त्याच वर्षी कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्डांचे सुवर्ण! १९६० मध्ये लाहोरला अब्दुल खालिकला मागे टाकले, तेव्हा पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांनी त्यांना 'फ्लाइंग सिख' हे नाव दिले. ज्या देशात जायलाच मिल्खासिंगांचे मन तयार नव्हते, पंडित नेहरूंनी समजावले म्हणून जे तिथे गेले, त्यांना कायमचे बिरूद तिथेच मिळाले.

बरोबरीची जोडीदार

निर्मल सैनी या भारतीय महिला व्हॉलीबॉल संघाच्या कप्तान. पन्नाशीच्या दशकात कोलंबोला दोघांची प्रथम भेट झाली. जवळ कागद नव्हता म्हणून आपल्या हॉटेलचा नंबर तिच्या तळहातावरच लिहून दिला, असे मिल्खासिंग नंतर हसत हसत सांगत. एक कुटुंब शीख, दुसरे हिंदू. मुलीच्या वडिलांची तयारी नव्हती. अखेर पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांनी मध्यस्थी केली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे लग्न झाले.

लग्नानंतर निर्मल कौर कुणाची तरी पत्नी एवढीच ओळख घेऊन बसल्या नाहीत. पंजाब सरकारात महिलांच्या क्रीडा विभागाच्या संचालक म्हणून त्यांनी काम केले. मिल्खासिंगही त्याच सरकारात क्रीडा संचालक होते. तीन मुली आणि एक मुलगा, असा संसार दोघांनी चंदीगडला मांडला. आपले स्वतःचे शिक्षण बेताचेच; मुले शिकली, वळणाला लागली, ती निर्मलमुळे, हे मिल्खासिंग चारचौघांत मोकळेपणाने सांगत. नावलौकिक मिळवलेल्या किती नवऱ्यांच्या तोंडून असे शब्द निघतात?

मुलावर ओझे नाही

खेळाडू बापाने मुलाला हाताला धरून मैदानावर न्यावे, आपले हुकलेले पदक त्याच्याकडून मिळवावे, असे पुष्कळदा घडते. मिल्खासिंगांच्या घरी उलटेच झाले. खेळातली वणवण त्यांनी भोगली होती. मुलगा जीव याने खेळाच्या वाटेला जाऊच नये, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हावे, असे त्यांना वाटे. परंतु जीवची ओढ गोल्फकडे आहे हे दिसल्यावर त्यांनी आपला हट्ट सोडला. त्याला 'माझ्यासारखा धाव' असे म्हटले नाही, की 'माझे ऐकले नाहीस' म्हणून तोंडही फिरवले नाही.

जीव मिल्खासिंग १९९३ मध्ये व्यावसायिक गोल्फपटू झाला. २००७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेच्या मास्टर्स स्पर्धेत खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याच वर्षी त्याला पद्मश्री मिळाली. वडिलांना ती १९५९ मध्ये मिळाली होती. एक मुलगी डॉक्टर झाली. दुसरीने वडिलांच्या शेजारी बसून त्यांचे आत्मचरित्र लिहायला हातभार लावला. ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाची वाट वेगळी, घर मात्र एकच राहिले.

या घराचे दार रक्ताच्या नात्यापुरतेच उघडे नव्हते. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर एक हवालदार धारातीर्थी पडला. त्याच्या सात वर्षांच्या मुलाची जबाबदारी मिल्खासिंग दांपत्याने घेतली. लहानपणी पोरका झालेला माणूस दुसऱ्या पोरक्या मुलाला पाहून थांबला, यात नवल ते काय!

पाच दिवसांचे अंतर

मे २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत दोघेही आजारी पडले. १३ जूनला निर्मल कौर गेल्या. त्या ८५ वर्षांच्या होत्या. मिल्खासिंग अतिदक्षता विभागात होते. पत्नीच्या अंत्यसंस्कारालाही त्यांना जाता आले नाही. पाचच दिवसांनी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनीही डोळे मिटले. शासकीय इतमामात निरोप देताना घरच्यांनी त्यांच्या हातात पत्नीचे छायाचित्र ठेवले होते. पदके त्यांनी कधीच देशाला देऊन टाकली होती. रोमला नोंदवलेला राष्ट्रीय विक्रमही १९९८ मध्ये परमजितसिंगने मोडला होता.

एक इच्छा मात्र अपुरी होती. एखाद्या भारतीयाने ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धेत सुवर्णपदक मिळवावे आणि ते आपण डोळ्यांनी पाहावे, असे ते वर्षानुवर्षे बोलून दाखवीत. मिल्खासिंग जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत, जिथे त्यांनी १९५८ ची सुवर्णपदके जिंकली होती त्याच शहरात, हरियाणातील एका शेतकरी कुटुंबातल्या नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्ण मिळवले आणि ते मिल्खासिंगांना अर्पण केले.

आपली हुकलेली शर्यत त्यांनी सगळ्या देशातल्या तरुणांपुढे ठेवली, घरातल्या एकट्या मुलाच्या पायात बांधली नाही. मुलांना वाढवताना आपल्या मनातल्या अपुऱ्या इच्छांचे काय करायचे, हा प्रश्न घरोघरी आहे. मिल्खासिंगांच्या घराने त्याचे उत्तर जगून दाखवले.