गाळ काढणाऱ्यांची नोंद कोण ठेवतो?

पावसाळ्यात वाराणसीची गंगा चढते, तेव्हा संकठा घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. पूर ओसरला की मागे चिखलाचा जाड थर उरतो आणि पंपाने पाण्याचे झोत मारून तो धुऊन काढावा लागतो. हे काम दर वर्षी येते. त्याचे उद्घाटन होत नाही, त्याची कोनशिला बसत नाही. लागूनच असलेला शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांनी एकोणिसाव्या शतकात मोठ्या वैभवाने बांधला. तो स्वतःच्याच भाराने खचला आणि पुढे विसाव्या शतकात त्याची पुन्हा उभारणी करावी लागली. मराठी वाचकाला काशीतील घाट बांधणाऱ्या सरदारांची नावे सांगता येतात. घाट वापरता ठेवणाऱ्यांची नावे कुणालाच ठाऊक नसतात.

देशातील विज्ञानवार्तांचेही असेच आहे. घाटांची ही रांग दक्षिणेला जिथे संपते, त्याच्या पलीकडे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील आयआयटीमध्ये ‘परम शिवाय’ हा महासंगणक आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानातील तो पहिला. त्याचे लोकार्पण १९ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. ८३७ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ८३७ लाख कोटी गणनक्रिया, हा आकडा सर्वत्र छापून आला. पुण्याच्या सी-डॅकचे नाव त्यासोबत अभिमानाने घेतले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ यंत्रणांच्या वेळीही क्षमता आणि किंमत यांचेच आकडे पुढे आले. अभिमान रास्तच आहे. परंतु अशा यंत्रणांच्या भोवती जी आज्ञावली अहोरात्र चालते, ती कोण तपासतो, कोण अद्ययावत करतो आणि त्यासाठी किती माणसे व किती वेळ राखून ठेवला आहे, हा प्रश्न बातमीत सहसा नसतो.

या आज्ञावलीतील एक महत्त्वाचा थर म्हणजे हायपरव्हायझर. एका खऱ्या सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणे हे त्याचे काम. कल्पना जुनी आहे: आयबीएमने १९६०च्या दशकातच ती मोठ्या संगणकांवर राबवली, १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी तिच्या अटी काटेकोरपणे मांडल्या आणि २००७ मध्ये केव्हीएमच्या रूपाने ती लिनक्सच्या गाभ्यात आली. महासंगणकाची मुख्य गणना बहुधा थेट यंत्रावरच चालते; पण लॉगिन, वापरकर्त्यांची खाती, परवाने, संकेतस्थळे, प्रयोगशाळेची विदा सांभाळणाऱ्या सेवा अशा गोष्टी अनेक संस्थांत आभासी यंत्रांवर असतात. यात खर्च वाचतो, जागा वाचते. जोखीम मात्र एकाच ठिकाणी साठते. हा एक थर ढासळला की त्यावरची वीस-तीस यंत्रे एकदम बंद पडतात.

अद्ययावतीकरण टाळले तर काय होते, याचे उदाहरण फेब्रुवारी २०२३ मध्ये जगाने पाहिले. ‘ईएसएक्सआय-आर्ग्स’ या खंडणीखोर आज्ञावलीने व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरवर चालणारे हजारो सर्व्हर गाठले आणि आभासी यंत्रांच्या फायली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून हा शिरकाव झाल्याचे सांगितले गेले, तिची दुरुस्ती कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्येच दिली होती. औषध दोन वर्षे फडताळात होते. ते घेण्यास कुणाला फुरसत नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर झालेल्या हल्ल्याचे कारण वेगळे होते, पण त्या वेळी रुग्णालयाला अनेक दिवस कागद-पेनावर काम करावे लागले. सर्व्हर बंद पडल्याची किंमत रांगेत उभा असलेला रुग्ण मोजतो, हे तेव्हा स्पष्ट दिसले.

म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती आली त्याच दिवशी चढवावी काय? तेही नाही. १२ ऑगस्ट २००८ रोजी व्हीएमवेअरच्या ईएसएक्स ३.५ ची नुकतीच आलेली सुधारित आवृत्ती चढवलेल्या ग्राहकांना बंद असलेली आभासी यंत्रे सुरूच करता येईनात. चाचणी आवृत्तीसाठी घातलेली मुदत अंतिम आवृत्तीत चुकून राहून गेली होती आणि त्या तारखेला ती संपली. तात्पुरता उपाय काय, तर सर्व्हरचे घड्याळ मागे फिरवणे. ज्या प्रयोगशाळेत वेळेची अचूक नोंद हाच विदेचा प्राण असतो, तिथे हा उपाय रोगाहून जड ठरतो. तत्परतेने अद्ययावतीकरण करणाऱ्यांनाच त्या दिवशी फटका बसला.

या दोन घटना एकत्र वाचल्या की एकच निष्कर्ष निघतो: अद्ययावतीकरण हे वैज्ञानिक प्रयोगाच्या शिस्तीने करायचे काम आहे. एका वेळी एकच बदल करावा. आधी चाचणीच्या यंत्रावर, मग एका सर्व्हरवरची आभासी यंत्रे दुसरीकडे हलवून त्या एकावर, आणि काही दिवस निरीक्षण करून मगच उरलेल्यांवर. बिघाड झाला तर रीबूट करण्याआधी लॉग वाचावा आणि त्याची प्रत ठेवावी, कारण पुरावा तिथेच असतो. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. अद्ययावतीकरणापूर्वी घेतलेला आणि नंतर पुसायचा राहिलेला स्नॅपशॉट वाढत जातो, साठवणीची जागा भरून टाकतो आणि मग यंत्रे थबकतात. दोष नव्या आवृत्तीवर येतो. खरे कारण जुना विसर असतो. बॅकअपही परत उतरवून पाहिल्याशिवाय बॅकअप म्हणवून घेण्यास पात्र नाही.

यावर व्यवहारी आक्षेप ठरलेला आहे: चालते आहे ते कशाला हलवायचे? हा आक्षेप केवळ आळसातून येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली आणि अनेक संस्थांची गणिते बिघडली. ईएसएक्सआय ७.० चे सर्वसाधारण साहाय्य २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आता जुन्यावर राहावे तर नव्या त्रुटींना दुरुस्ती नाही, पुढे जावे तर पैसा लागतो. केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त प्रणाली हा खरा पर्याय आहे. मात्र मुक्त प्रणालीत परवान्याचे शुल्क वाचते, श्रम वाचत नाहीत. स्थलांतर, चाचणी आणि रात्रीची जागरणे माणसांनाच करावी लागतात.

अडचण नेमकी या माणसांपाशी आहे. यंत्रखरेदीचा निधी एकदा मिळतो, देखभाल मात्र यंत्र निवृत्त होईपर्यंत चालते. ती पुष्कळदा कंत्राटी कर्मचाऱ्यावर किंवा संगणकाची आवड असलेल्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्यावर सोपवली जाते. तो प्रबंध सादर करून गेला की पासवर्ड उरतात, ज्ञान उरत नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक महासंगणन प्रकल्पाच्या प्रस्तावात देखभालीचा स्वतंत्र खर्च यंत्राच्या पूर्ण आयुष्यासाठी दाखवावा. प्रणाली-प्रशासकांची पदे कायम असावीत आणि त्यांना बढतीचा मार्ग असावा. देखभालीसाठी महिन्यातील एक ठरलेला दिवस आधीच जाहीर व्हावा आणि त्या दिवशी यंत्रणा बंद असणे हे अपयश मानले जाऊ नये. शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशात यंत्रणेच्या नावासोबत ती चालती ठेवणाऱ्यांचाही उल्लेख यावा. आणि नव्या महासंगणकाची बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी टेराफ्लॉप्सच्या आकड्यानंतर आणखी एक आकडा विचारावा: त्याच्या देखभालीसाठी माणसे किती नेमली आहेत?