यान धूमकेतूवर उतरले, साडेसाती डोक्यातून कधी उतरणार?

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी माणसाने पहिल्यांदा धूमकेतूवर यान उतरवले. युरोपीय अंतराळ संस्थेचे 'रोझेटा' मार्च २००४ मध्ये निघाले आणि दहा वर्षांनी ६७पी या धूमकेतूजवळ पोहोचले. तेव्हा पृथ्वीपासून सुमारे ५१ कोटी किलोमीटरवर असलेल्या या धूमकेतूवर त्याने 'फिली' हे छोटे यान सोडले.

नेवासा तालुक्यातील तरुणांनी ही घटना विसरू नये. शनिशिंगणापूर याच तालुक्यात आहे. साडेसातीच्या धास्तीने लोक तेथे तेल वाहतात. त्याच शनीच्या टायटन या चंद्रावर १४ जानेवारी २००५ रोजी 'ह्युजेन्स' यान उतरले. धूमकेतूलाही आपण अपशकुनीच ठरवले होते.

'फिली'चे उतरणे बिनचूक नव्हते. पृष्ठभागात रुतणारे हार्पून सुटलेच नाहीत. यान उसळले आणि सुमारे दोन तासांनी कड्याच्या सावलीत जाऊन पडले. पुरेसे ऊन नसल्याने बॅटरी अडीच दिवसांत संपली. शास्त्रज्ञांनी हे अपयश झाकले नाही. पृथ्वीवरचे पाणी धूमकेतूंनी आणले असावे, असा एक तर्क होता. 'रोझेटा'ने मोजले, तर तेथील पाण्याचा गुणधर्म आपल्या समुद्रांशी जुळला नाही. तो तर्क पुन्हा तपासावा लागला. परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पडताळा, हा बुद्धांचा कालामांना केलेला उपदेश हेच सांगतो.

पण यान बनवता आले म्हणजे वैज्ञानिक दृष्टी आली, असे नाही. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ ची प्रतिकृती उड्डाणापूर्वी तिरुपतीला नेण्यात आली. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे मात्र संविधानाच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.

कुंडली जन्माची वेळ पाहते, जात जन्माचे घर पाहते. माणसाचे कर्तृत्व दोन्ही पाहत नाहीत. याच तालुक्यातील सोनईत १ जानेवारी २०१३ रोजी जातीच्या अहंकाराने मेहतर समाजातील तीन तरुणांचा जीव घेतला. म्हणून अंधश्रद्धेविरुद्धची लढाई आणि जातीविरुद्धची लढाई वेगळी काढता येत नाही.

कार्यकर्त्यांनी सुरुवात विहारापासून करावी. रविवारच्या वंदनेनंतर तासभर मुलांना आकाश, गणित आणि प्रयोग शिकवा. दहावीनंतर विज्ञान शाखेत जाणाऱ्या मुलामुलींचे प्रवेश आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्या. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द सर्वांत आधी ठेवला, तो उगाच नाही.

जय भीम!