कायद्याची ओळख : माफीनामा नको, खुलासा द्या



या वेळी एका शिक्षिका भगिनीचे पत्र घेतले आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती मान्य. पत्र थोडक्यात असे :

"मी एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत नऊ वर्षांपासून सहशिक्षिका आहे. नोकरी कायम आहे. तहसील कार्यालयाने मतदार यादीच्या कामासाठी बीएलओ म्हणून माझी नेमणूक केली. आदेशाची झेरॉक्स मी शाळेच्या ऑफिसात दिली आणि दोन दिवस त्या कामाला गेले. तिसऱ्या दिवशी शाळेत पाऊल ठेवताच मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत मला नाही नाही ते सुनावले आणि मेमो हातात दिला. 'परवानगीशिवाय गैरहजर, कर्तव्यात कसूर, ४८ तासांत खुलासा करावा' असे त्यात आहे. हेडक्लार्क म्हणतात, 'मॅडम, कशाला वाढवता? दोन ओळींचा माफीनामा लिहून द्या, फाईल बंद होईल.' मिस्टरही तेच म्हणतात. वडील गिरणी कामगार होते. ते म्हणतात, युनियन गाठ, लेबर कोर्टात खेच. मला रात्रभर झोप नाही. काय करू?"

ताई, तुमची झोप का उडाली हे आमच्या बहुतेक वाचकांना समजेल. आपल्या अनेक घरांत महिन्याच्या पगाराची नोकरी करणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी. त्या पगारावर भावाचे शिक्षण, घराचा हप्ता, आईचे औषधपाणी चाललेले असते. म्हणून मेमो एकाला मिळतो आणि घाबरते अख्खे घर. पण आधी एवढे ध्यानात घ्या, की मेमो म्हणजे शिक्षा नव्हे. मेमो म्हणजे तुम्हाला विचारलेला प्रश्न. प्रश्नाला उत्तर द्यायचे असते. माफी मागितली, की गुन्हा कबूल केला असा त्याचा अर्थ होतो.

माफीनाम्याने फाईल बंद होत नाही. ती तिथून सुरू होते. 'माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही' हा सहीचा कागद तुमच्या फाईलला कायमचा लागतो. आज मुख्याध्यापक खूश होतील. तीन वर्षांनी तुमच्या सेवेला बारा वर्षे होतील, वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव करायची वेळ येईल, तेव्हा तो कागद कोणीतरी वर काढील. उद्या खरोखर मोठा आरोप ठेवायचा झाला, तर 'या बाईंनी पूर्वीही कसुरी कबूल केली आहे' असे लिहायला तो उपयोगी पडेल. चूक झालीच असेल तर ती प्रांजळपणे मान्य करण्यात कमीपणा नाही. पण सरकारी आदेशाने सरकारी कामाला गेलात, यात माफी कसली मागता?

आता वडिलांच्या सल्ल्याकडे वळू. त्यांच्या अनुभवाला आमचा मान आहे. गिरणीत मेमो, चार्जशीट, डोमेस्टिक इन्क्वायरी त्यांनी पाहिलेली असणार. पण शिक्षकाची वाट वेगळी आहे. गोव्यातल्या एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिक्षक हे त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत. शिकवणे हे अंगमेहनतीचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम नव्हे, असे न्यायालयाने धरले. तेव्हा लेबर कोर्टाच्या पायऱ्या चढून वेळ घालवू नका. संघटना मात्र जरूर गाठा. शिक्षकांच्या संघटना आहेत, मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची कास्ट्राईबसारखी संघटना आहे. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये एकट्याने उभे राहणे आणि चार जणांचे निवेदन घेऊन जाणे, यातला फरक वडील तुम्हाला चांगला समजावून सांगतील.

तुमच्यासाठी वेगळा कायदा आहे. त्याचे लांबलचक नाव असे : महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. त्याखालची नियमावली १९८१ ची. शिक्षकखोलीत तिला 'एमईपीएस' म्हणतात. मान्यताप्राप्त खाजगी शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, तिला हा कायदा लागू आहे. पुस्तक कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात मिळते. प्रत्येक शिक्षकाच्या घरी ते असावे.

या नियमावलीत शिक्षांचे दोन प्रकार केले आहेत. लहान शिक्षा म्हणजे ताकीद, ठपका, एक वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणे आणि संस्थेचे नुकसान झाले असेल तर त्याची पगारातून वसुली. मोठ्या शिक्षा दोन, पदावनती आणि नोकरीवरून काढणे. मोठी शिक्षा द्यायची तर चौकशी समिती नेमावी लागते. तिच्यात तीन माणसे असतात. एक संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला आणि एक तुम्ही स्वतः निवडलेला, दुसऱ्या कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारीसुद्धा चालतो. हा तिसरा माणूस निवडण्याचा हक्क पुष्कळांना माहीत नसतो, आणि संस्थाही तो सांगायला उत्सुक नसते.

शाळा न्यायाधिकरणात कधी जाता येते, हे नीट समजून घ्या. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोकरीतून काढले, पदावनत केले किंवा बढतीत डावलले, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत तिथे अपील करता येते. नुसत्या ताकीद-ठपक्यासाठी ते दार उघडत नाही. मेमो मिळाला म्हणून थेट हायकोर्टात धावण्यातही अर्थ नसतो. कारणे दाखवा नोटिशीच्या पायरीवर न्यायालये सहसा हात घालत नाहीत. आधी उत्तर द्या, असेच सांगतात.

म्हणजे लहान शिक्षेच्या बाबतीत तुमचे खरे हत्यार एकच, तुमचा लेखी खुलासा. पुढे प्रकरण वाढलेच, तर न्यायाधिकरण असो की हायकोर्ट, तिथले न्यायाधीश प्रथम हेच विचारणार, 'तेव्हा तुम्ही उत्तर काय दिले होते?'

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

१. मेमो नाकारू नका. नाकारला तर 'घेण्यास नकार दिला' असा शेरा पडतो. घ्या, सही करा, आणि सहीवर लिहा : 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही.' खाली तारीख आणि वेळ घाला. कोऱ्या कागदावर सही कधीही देऊ नका, कोणी कितीही गोड बोलले तरी.

२. त्याच संध्याकाळी वहीत सगळे लिहून काढा. किती वाजता, कुठे, कोण कोण हजर होते, कोण काय बोलले. चार महिन्यांनी आठवून लिहिलेल्यापेक्षा त्याच दिवशी लिहिलेल्याला वजन असते.

३. कागद गोळा करा. तहसीलचा नेमणूक आदेश, तो शाळेत दिल्याची आवक नोंद, त्या दिवसांचे हजेरीपत्रक. शाळेने आवक क्रमांक दिला नसेल, तर तहसील कार्यालयाकडून त्या दोन दिवसांच्या उपस्थितीचा दाखला घ्या. शाळा कागद देत नसेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करा. अनुदानित शाळेचे बरेच कागद शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातही असतात.

४. मुदतीत उत्तर द्या. कागद मिळायला वेळ लागणार असेल, तर मुदतीच्या आतच 'अमुक कागद मिळावेत आणि आठ दिवसांची मुदत मिळावी' असा अर्ज करा. गप्प बसणे सर्वांत वाईट.

५. उत्तरात राग नको आणि लोटांगणही नको. मुद्दे हवेत. नमुना देतो :

'मा. मुख्याध्यापक यांस. आपला दिनांक अमुकचा मेमो मिळाला. त्यातील आरोप मला मान्य नाहीत. दिनांक अमुक व अमुक रोजी मी तहसील कार्यालयाच्या आदेश क्रमांक अमुकप्रमाणे निवडणूक विभागाच्या कामावर होते. त्या आदेशाची प्रत मी दिनांक अमुक रोजी शाळेच्या कार्यालयात दिली होती. आदेश व उपस्थितीचा दाखला सोबत जोडला आहे. त्यामुळे मी परवानगीशिवाय गैरहजर होते हे वस्तुस्थितीला धरून नाही. दिनांक अमुक रोजी शिक्षकखोलीत इतर कर्मचाऱ्यांसमोर मला ज्या शब्दांत बोलण्यात आले त्याबद्दल मी नम्रपणे नाराजी नोंदवते. सबब मेमो मागे घ्यावा आणि तशी नोंद माझ्या फाईलला व्हावी, ही विनंती.'

एवढे पुरे. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. दुसरी गोष्ट, शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ मध्ये शिक्षकांना कोणती अशैक्षणिक कामे देता येतात ते सांगितले आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही ती तीन. म्हणजे तुमचे काम कायद्याने मान्य केलेले होते. हाही मुद्दा घाला.

यानंतर दोन गोष्टी होऊ शकतात. खुलासा समाधानकारक वाटून प्रकरण मिटेल. पुष्कळदा असेच होते, कारण पुराव्यासह लेखी उत्तर देणाऱ्याच्या वाटेला कोणी सहसा जात नाही. किंवा तरीही ठपक्याचा आदेश निघेल. तसे झाले तर शिक्षणाधिकारी आणि विभागीय शिक्षण उपसंचालक यांच्याकडे लेखी दाद मागा. नियमावलीतली मुदत पाहून घ्या, पण मनाशी महिन्याच्या आतलीच तारीख धरा. तिथेही अन्याय झाला तर हायकोर्टाचा मार्ग उरतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले आहे.

गोपनीय अहवालावरही नजर ठेवा. त्यातला प्रतिकूल शेरा ठरलेल्या मुदतीत तुम्हाला लेखी कळवावा लागतो. अहवाल लिहिला नाही किंवा शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या वर्षीचे तुमचे काम समाधानकारक होते असे धरावे, असे नियम १५ सांगतो. पाठीमागून लिहिलेल्या शेऱ्याला हे चांगले उत्तर आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम आहेत आणि अपील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचे असते. खुलाशाची रीत मात्र हीच.

ताईंनी लिहिले आहे, 'नाही नाही ते सुनावले.' त्यात जातीचा उल्लेख होता का, ते त्यांनी लिहिलेले नाही. असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे. चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही आहे. पण शब्द जातीवाचक असले पाहिजेत आणि ऐकणारे साक्षीदार पाहिजेत. नुसत्या अन्यायी मेमोला हे कलम लावायला जाऊ नका. केस टिकत नाही, आणि ज्याच्यावर खरोखर अत्याचार झाला त्याच्या तक्रारीवरही लोक संशय घेतात.

'वकिलाचे पैसे कुठून आणू?' असे ताईंनी शेवटी विचारले आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे साधा अर्ज द्या.

बाबासाहेबांनी १९१९ साली साऊथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे समाजाचे म्हणणे मांडले ते लेखी निवेदन करून, मुद्द्याला मुद्दा लावून. आपण त्यांचा फोटो घरात लावतो, तेव्हा त्यांची ही सवयही उचलावी. ताई, तुम्ही रोज मुलांना उत्तरपत्रिका कशी लिहावी ते शिकवता. या वेळी तुमची स्वतःची लिहायची आहे. आज रात्री बसा, मिस्टरांना शेजारी बसवा, वडिलांना वाचून दाखवा, आणि उद्या सकाळी शाळेत गेल्याबरोबर पोच घ्या.

काय झाले ते जरूर कळवा. जयभीम!