उन्हाळ्याची सुट्टी आणि घराचा वाटा

निवासी शाळेत शिकणारे मूल एप्रिलच्या अखेरीस घरी येते आणि जूनच्या मध्यास परत जाते. वर्षभरातून आईवडिलांच्या वाट्याला येतात ते एवढेच सहा-सात आठवडे. या आठवड्यांचे आपण काय करतो, हा प्रश्न आपल्या समाजाने गांभीर्याने घ्यावा असे मला वाटते. नवी मुंबईतल्या आपल्या वस्त्यांत आज जे चित्र दिसते ते असे: मूल घरी आले की दोन दिवस कौतुक होते आणि तिसऱ्या दिवशी त्याला पुढच्या इयत्तेच्या शिकवणीला घातले जाते. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात पाळीवर, आई कामावर. मूल एका वर्गातून दुसऱ्या वर्गात. जून उजाडतो आणि ट्रंक पुन्हा भरली जाते.

यामागची पालकांची तळमळ मी जाणतो. शिक्षणाशिवाय आपल्याला तरणोपाय नाही, हे बाबासाहेबांनी आपल्या रक्तात भिनवले आहे. परंतु शाळेने द्यावयाचे शिक्षण वेगळे आणि घराने द्यावयाचे वेगळे. घराचे शिक्षण शिकवणीवर सोपवता येत नाही.

आपल्या इतिहासातील उन्हाळ्याची सर्वांत प्रसिद्ध सुट्टी 1901 सालची आहे. भीमराव तेव्हा दहा वर्षांचे होते. आई भीमाबाई हयात नव्हत्या. वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यातच, पण दूर, दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. सुट्टीत माझ्याकडे या, असे त्यांनी मुलांना कळवले. नवे सदरे, नव्या टोप्या, नवी पादत्राणे अशा थाटात मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. पुढे स्टेशनमास्तरने जात विचारली, दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान बैलगाडीत बसेना, गाडी मुलांनीच हाकली आणि जवळ अन्न असूनही पाण्यावाचून रात्र उपाशी गेली, हे आपण सर्व जाणतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग प्रथम घेतला आहे.

आपण हा प्रसंग अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण एक इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती मुले वडिलांना भेटायला निघाली होती. नोकरीपायी मुलांपासून दूर राहणारा बाप आणि सुट्टीची वाट पाहणारी मुले, हे दृश्य आपल्या घरांना नवे नाही. फरक इतकाच, की तेव्हा बाप कामासाठी दूर होता, आज मूल शिक्षणासाठी दूर आहे. भेटीची ओढ तीच आहे.

मूल वाढते तेही आपल्या नजरेआड. पाचवीत गेलेला मुलगा पहिल्या सुट्टीत आईच्या पदराला धरून असतो; आठवीतला आला की उंबरठ्याशी जरा थबकतो. त्याची भाषा शुद्ध झालेली असते. आजी ‘पानी’ म्हणाली की तो ‘पाणी’ म्हणून दुरुस्त करतो, आणि आईवडील कौतुकाने हसतात. मला मात्र तेथे काळजी वाटते. त्या आजीच्या बोलीत विदर्भ-मराठवाड्यातल्या वस्तीचे पाणवठे आहेत, जलशांची गाणी आहेत, नामांतराच्या काळातील जळालेल्या घरांच्या आठवणी आहेत. ती बोली नातवाला लाजिरवाणी वाटू लागली, तर शिक्षणाने त्याला दिले ते थोडे आणि त्याच्याकडून घेतले ते फार, असे म्हणावे लागेल. प्रमाण भाषा त्याला आलीच पाहिजे, त्याविषयी वाद नाही. पण आजीला दुरुस्त करणे हा तिचा उपयोग नव्हे.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. वसतिगृहातून आलेला मुलगा घरात पाहुणा असतो. वसतिगृहातून आलेली मुलगी दुसऱ्या दिवसापासून पोळपाटाशी असते. समतेची शिकवण देणाऱ्या आपल्या घरांनी याचे उत्तर दिले पाहिजे.

भगवान बुद्ध कपिलवस्तूला परतले तेव्हा राहुलाने त्यांच्यामागे जाऊन वारसा मागितला आणि त्याला प्रव्रज्या मिळाली, ही कथा आपण मुलांना सांगतो. तिचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. नातू गेल्याचे दुःख शुद्धोदनाला असह्य झाले. आईवडिलांच्या संमतीवाचून यापुढे कोणाच्याही मुलाला दीक्षा देऊ नये, अशी विनंती त्याने केली. भगवंतांनी ती मान्य करून तसा नियम घालून दिला, असे विनयपिटकात आले आहे. एका आजोबाच्या वेदनेची दखल संघाच्या नियमात घेतली गेली! मुलांना घरापासून दूर ठेवून शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे लक्षात ठेवावे. घराचा मुलावरील हक्क धम्माने नाकारलेला नाही.

म्हणून संस्थेला माझी एक सूचना आहे. सुट्टीतील अभ्यासाच्या जाडजूड वह्या बंद कराव्यात. त्याऐवजी सहावीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकच कोरी वही द्यावी आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाशी बोलून ती भरून आणण्यास सांगावे. गाव का सोडले, मुंबईत प्रथम कोठे उतरलात, घरात धम्मदीक्षा कोणी व केव्हा घेतली, दुष्काळात काय खाल्ले, शाळेत कोठे बसवत. आजी ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत लिहावे, ‘पानी’ असेल तर ‘पानी’च. पालकांनी त्या काळात शिकवणी लावू नये आणि शक्य असेल तर चार दिवस रजा काढून मुलाला गावच्या वस्तीवर न्यावे. एका दिवशी वडिलांनी त्याला आपल्या कामाच्या ठिकाणी, निदान फाटकापर्यंत, न्यावे. आपला बाप आठ तास काय करतो, हे आपल्या पुष्कळ मुलांना ठाऊक नसते.

या वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या, तर दहा वर्षांत आपल्या समाजाच्या स्थलांतराचा असा दफ्तरसंग्रह उभा राहील, जो कोणत्याही सरकारी अभिलेखागारात सापडणार नाही. 1956 च्या नागपूरच्या सोहळ्यास आईच्या कडेवर गेलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेले तरुण हातही आता थकले आहेत. हे काम येत्या मे महिन्यातच सुरू व्हावे.